वऱ्हाडातील अमेरिकी मालमोटार : प्रस्तावना

मोटारीचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा संस्थानिकांच्या मोटारखान्यापासून आरंभ करतात. चांदीने मढविलेले दिवे, मखमलीच्या गाद्या आणि शिकारीसाठी मुद्दाम बांधून घेतलेल्या उघड्या गाड्या यांच्या वर्णनांत वाचक रमतो हे खरे. परंतु ज्या मोटारीने या देशातील सामान्य माणसाचे धान्य, कापूस, सरपण, बाजारची माणसे आणि प्रसंगी अंथरुणासह उचलून ठेवलेला रुग्ण वाहून नेला, तिची हकीकत या ग्रंथांत शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. ती मोटार म्हणजे मालमोटार. आणि स्वातंत्र्यापूर्वीच्या दोन-अडीच दशकांत आपल्याकडील मालमोटार ही बहुशः अमेरिकी असे. शेव्हरले, फोर्ड, डॉज, फार्गो ही नावे वऱ्हाडातील ज्या पिढीच्या तोंडी बैलांच्या नावांइतकी रुळलेली होती, ती पिढी आता जवळजवळ सरली. त्या गाड्यांची घडण कशी होती, त्या येथवर कशा आल्या आणि त्यांची मूळ अंगे एकामागून एक गळून पडत असताही त्या इतकी वर्षे कशा चालत राहिल्या, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

विवेचनाचे केंद्र म्हणून बाळापूर निवडले, त्याचे कारण सांगणे अवश्य आहे. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्ये वसलेला हा कसबा मोगल अमदानीत वऱ्हाड सुभ्यातील एक सधन परगणा म्हणून प्रसिद्ध होता. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा याने येथील किल्ल्याचे काम आरंभिले आणि अचलपूरचा नबाब इस्माईलखान याने ते १७५७ साली पुरे केले. अशा या नामांकित ठिकाणाच्या वाट्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठी उपेक्षा आली. भुसावळहून नागपुरास जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ साली पुरा झाला, तो बाळापूरच्या उत्तरेकडून, पारस स्थानकावरून गेला. अकोल्यास स्थानक मिळाले. खामगावास १८७० साली जलंबहून स्वतंत्र फाटा मिळाला आणि त्या समारंभास खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो उपस्थित राहिले. या दोन कापूसपेठांच्या मधोमध असलेले बाळापूर मात्र रुळांपासून काही कोस दूर राहिले. एवढे अंतर कागदावर क्षुल्लक दिसते. परंतु वऱ्हाडची काळी जमीन ज्याने पावसाळ्यात पायांखाली घेतली आहे त्यास ठाऊक असते की मृगाच्या दोन सरी पडल्या की बंडीची चाके आऱ्यांपर्यंत चिकणमातीने लिंपून जातात, बैल गुडघे टेकतात, आणि जो मुलूख उन्हाळ्यात सपाट व सुगम भासतो तोच दसऱ्यापर्यंत गावागावांना परस्परांपासून तोडून टाकतो.

धुळे, जळगाव, अकोला, अमरावती व नागपूर यांना जोडणारा जो हमरस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ या नावाने दप्तरी दाखल झाला, तो मात्र बाळापुरावरून जातो. रेल्वेने ज्या कसब्यांना बाजूस टाकले त्यांना पुन्हा व्यापाराच्या पंक्तीस बसविण्याचे काम या रस्त्याने आणि त्यावरील मालमोटारीने केले, असे माझे मत आहे, आणि पुढील प्रकरणांतील बहुतेक विवेचन या मताच्या आधाराने उभे आहे.

हे यंत्र परक्या भूमीत जन्मले, तरी ज्या गरजेतून ते जन्मले ती गरज परकी नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शेतकरीही रेल्वेच्या स्थानकापासून दूर, कच्च्या रस्त्यांच्या मुलखात राहत असे, आणि वसंतात बर्फ वितळल्यावर त्याच्याही घोडागाडीची चाके चिखलात रुतत. १ ऑक्टोबर १९०८ रोजी हेन्री फोर्ड यांनी जी ‘मॉडेल टी’ विक्रीस काढली, तिचे पोट जमिनीपासून उंच ठेवलेले होते, तिच्या आसांना भरपूर हालचाल होती आणि तिचे चार सिलिंडरांचे २.९ लिटरचे इंजिन केवळ २० अश्वशक्तीचे असले तरी मंद गतीत नेटाने ओढणारे होते. शेतकऱ्यांनी ही प्रवासी गाडी विकत घेतली आणि तिचा मागचा भाग कापून तेथे लाकडी पेटी बसविली. कारखान्याने या कापाकापीचा बोध घेतला. १९१७ साली एक टन वजन वाहणारी ‘मॉडेल टीटी’ ही चौकट निघाली आणि १९२५ साली मागे पोलादी हौदा व उघडता येणारा फाळका असलेली, कारखान्यातच पूर्ण केलेली पिकअप गाडी २८१ डॉलरांना मिळू लागली. ज्या गाडीस जग पुढे पिकअप म्हणून ओळखू लागले, तिचा आराखडा याप्रमाणे प्रथम शेतकऱ्याच्या अंगणात उमटला व मागाहून कारखान्याच्या कागदावर उतरला.

१९११ साली स्थापन झालेल्या शेव्हरले कंपनीने १९१८ मध्ये मालमोटारी काढण्यास प्रारंभ केला, तेव्हा तिनेही गिऱ्हाइकास केवळ चौकट, इंजिन, चाके आणि चालकापुढील पत्र्याचा आडोसा एवढेच दिले; बाकीचा सांगाडा ज्याने त्याने आपल्या गावच्या सुताराकडून करून घ्यावयाचा. ही प्रथा आपल्या देशास अत्यंत सोयीची ठरली. ज्या सुतारांना बाभळीच्या लाकडाची चाके व जू घडविण्याची पिढीजात विद्या अवगत होती, त्यांना मोटारीचा हौदा बांधणे अवघड नव्हते. आणि एकाच चौकटीवर हंगामात कापसासाठी उंच कठड्याचा हौदा व हंगाम सरल्यावर उतारूंसाठी बाकडी आणि टप चढविण्याची मोकळीक मालकास मिळाली.

फोर्ड कंपनीने १९२६ साली हिंदुस्थानात आपली शाखा काढली. त्यानंतर जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे सुट्या भागांची जोडणी करण्याचा कारखाना घातला आणि १९२८ च्या डिसेंबरात त्यातून पहिली शेव्हरले बाहेर पडली. पेट्यांत भरून आलेले भाग शिवडीस जोडले जात आणि तयार गाड्या देशभर जात. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, शेव्हरलेने चार सिलिंडरांचे जुने इंजिन सोडून सहा सिलिंडरांचे, १९४ घन इंचांचे, ४६ अश्वशक्तीचे नवे इंजिन आणले आणि चार सिलिंडरांच्या किमतीत सहा सिलिंडर देण्याची घोषणा केली. या इंजिनाच्या सुधारलेल्या आवृत्त्या तीस वर्षांहून अधिक काळ निघत राहिल्या. आपल्याकडे जुन्या शेव्हरलेची जी कीर्ती आहे ती मुख्यत्वे या एका इंजिनाची कीर्ती आहे. यास्तव त्याच्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहितो.

१९३७ साली निघालेली २१६ घन इंचांची आवृत्ती घेऊ. सिलिंडराचा व्यास साडेतीन इंच, दट्ट्याची धाव पावणेचार इंच. सहा सिलिंडर एका ओळीत, बिडाच्या एका अखंड ओतीवात. झडपा सिलिंडराच्या माथ्यावर बसविलेल्या असून खालच्या कॅमदांड्याकडून लांब सळ्या व वरच्या डुलत्या दांड्या यांच्या द्वारा त्या उघडतात. या रचनेचा लाभ असा की वरचे झाकण काढताच सारी झडपयंत्रणा मिस्त्रीच्या नजरेसमोर येते. टॅपेटचे अंतर पातळ पत्रीने मोजून, पाना व पेचकस या दोन अवजारांनी जुळविता येते. त्याच काळातील फोर्डचे १९३२ साली निघालेले व्ही-८ इंजिन अधिक जोमदार होते यात शंका नाही. तथापि त्याच्या झडपा ओतीवाच्या पोटात दडलेल्या असत आणि जळालेला वायू त्याच पोटातून वाट काढीत बाहेर पडत असल्याने पाण्यास उष्णतेचा मोठा भार सोसावा लागे. ज्या अकोल्यात वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथे वाफा सोडणारा रेडिएटर हा कौतुकाचा विषय होऊ शकत नाही. निदान वऱ्हाडापुरता तरी शेव्हरलेस कौल द्यावा, असे मला वाटते.

या इंजिनातील तेलाची व्यवस्था विशेष पाहण्यासारखी आहे. क्रँकदांड्यास आधार देणाऱ्या मुख्य बेअरिंगांना पंपाच्या दाबाने तेल पोचते. परंतु दट्ट्यांना क्रँकशी जोडणाऱ्या रॉडांच्या बेअरिंगांसाठी दाबाची तजवीज नाही. प्रत्येक रॉडच्या बुडाशी लहानशी पळी बसविलेली असते. ती प्रत्येक फेऱ्यात खालच्या पन्हळीतले तेल उचलते व बेअरिंगात लोटते. इंजिन फार वेगाने व फार काळ धावविले तर हा पुरवठा तोकडा पडतो आणि रॉड ठोकू लागतो. अमेरिकेतील नव्या सरळ महामार्गांवर हे वैगुण्य ठळकपणे दिसू लागले. आपल्याकडे, जेथे खडीचा रस्ता, समोरून येणाऱ्या बंड्या आणि दर दोन मैलांवर नाल्याची फरशी यांमुळे ताशी २५ ते ३० मैलांच्या पलीकडे सहसा कोणी जात नसे, तेथे ते वैगुण्य बहुधा सुप्तच राहिले.

ती बेअरिंगे झिजली तर काय करावयाचे, हा प्रश्न मालकापेक्षा मिस्त्रीचा. आजच्यासारखी तयार पातळ वाटी काढून नवी घालण्याची सोय त्यांत नव्हती. कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मिश्रणाचा पांढरा धातू वितळवून रॉडच्या मोठ्या डोळ्यात प्रत्यक्ष ओतावा लागे. धातू किती तापला हे अनुभवी मिस्त्री त्यात लाकडाची काडी बुडवून ओळखी. ओतीव थंड झाल्यावर ते लेथवर कातावयाचे, मग क्रँकवर पातळ निळा रंग लावून रॉड एकदा फिरवावयाचा आणि जेथे रंग उमटेल तो उंचवटा खरवडणीने हलकेच उतरवावयाचा. सर्व पृष्ठावर सारखा रंग उमटेपर्यंत हा क्रम चालू राहतो. अल्प झीज असल्यास टोपीखालची एखादी पातळ पत्री काढून फट बुजविता येई. हे काम मी प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि ते करणाऱ्या वृद्ध हातांतील धीर पाहून मला त्यांच्याविषयी जो आदर वाटला तो आजही तितकाच आहे. हजारो मैलांवरील कारखान्यात घडलेले यंत्र येथील कारागीर आपल्या भट्टीत पुन्हा घडवू शकत होता, आणि या यंत्राच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण मी यातच पाहतो.

दुसरे कारण इंजिनाच्या अल्पसंतुष्टतेत आहे. त्यात इंधनमिश्रित हवा आपल्या मूळ आकारमानाच्या जेमतेम साडेसहाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जात असल्याने हलक्या प्रतीचे पेट्रोलही त्यास चाले, आणि बॅटरी बसली तर पुढून हँडल मारून एकटा माणूस ते सुरू करू शके. हँडल मारण्याचीही एक शिस्त होती: अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूस ठेवावयाचा आणि हँडल खालून वर ओढावयाचे; कारण इंजिनाने उलटा झटका दिल्यास मूठ आपोआप सुटली पाहिजे. ही शिस्त न पाळणाऱ्यांची मनगटे मोडत, आणि किन्नर, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस, म्हणून गाडीवर चढणाऱ्या पोरास सर्वप्रथम हाच धडा मिळे.

गिअरपेटीतील दाते सरळ कापलेले असत. ते जुळविण्यास क्लच दोनदा दाबून मधे इंजिनाचा वेग अंदाजाने सांभाळावा लागे आणि ज्यास कान नाही त्याचे हे काम नव्हे, असे जुने ड्रायव्हर सांगत. हलक्या शेव्हरले गाड्यांत मागील आसाकडे जाणारा फिरता दांडा एका बंद नळीत असे, त्यामुळे काळ्या मातीचा चिखल व उन्हाळ्याची धूळ या दोहोंपासून त्याचा बचाव होई. मागील कमानपाटे एकावर एक रचलेले, तुटला तर एकच बदलता येणारे. हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असून फळ्यांमधून पोलादी पट्ट्या ओढलेल्या असत. पत्र्यावर माल घसरतो, लाकडावर ठरतो, आणि एखादी फळी कुजली तर नवी बसविण्यास कोणत्याही गावचा सुतार पुरतो.

१९३९ च्या मोटार कायद्याने परवान्यांची व प्रादेशिक अधिकाऱ्यांची बंदिस्त व्यवस्था आणली आणि त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. पेट्रोलवर नियंत्रण आले, कुपने आली, आणि मालमोटारींच्या पाठीशी वा कुशीस कोळशाच्या गॅसची उंच नळकांडी उभी राहिली. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणारा ज्वालाग्राही वायू गाळून, थंड करून इंजिनास द्यावयाचा, ही ती योजना. भात्याने निखारे फुलवून वायू धरेपर्यंत गाडी हलत नसे, धरल्यावरही तिचा जोर बराच घटलेला असे, आणि चढणीवर उतारूंनी खाली उतरून ढकलणे हा प्रवासाचाच भाग समजला जाई. अधिक दाबाच्या नाजूक इंजिनांनी हा छळ कितपत सोसला असता, याची मला शंका वाटते.

युद्ध संपल्यावर आसाम व बंगालकडे साठलेली अमेरिकी लष्करी वाहने डिस्पोजलमध्ये निघाली. अडीच टनी, सहा चाकी जीएमसी, डॉजच्या लष्करी गाड्या आणि विलीज जीप व्यापाऱ्यांच्या हाती पडल्या. खाकी रंगावर नवे रंग चढले. जीपेचे आपल्या प्रांताशी नाते पुढे अधिक दृढ झाले. १९४५ च्या २ ऑक्टोबरला स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र या नावाने चालणाऱ्या कंपनीने मुंबईत विलीज जीपेची जोडणी आरंभिली. २१९९ घन सेंटिमीटरचे, ६० अश्वशक्तीचे ते इंजिन आणि चारही चाकांना मिळणारा जोर यांमुळे जेथे मालमोटारही थबके त्या पांदणीतून जीप वाट काढी. आज बाळापूरच्या बाजारात शेतमाल घेऊन येणाऱ्या पिकअप गाड्यांत याच कंपनीच्या गाड्या ठळकपणे दिसतात. त्यांच्या कुळाचा शोध घेऊ लागले तर आपण या जीपेपाशी येऊन ठेपतो.

सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा उल्लेख केल्यावाचून हा वृत्तांत पुरा होणार नाही. देशात मोटारी बनाव्यात यासाठी विश्वेश्वरय्यांनी केलेल्या खटपटीचे सूत्र हाती घेऊन वालचंदांनी क्राइस्लरशी करार केला, कुर्ल्यास कारखाना उभारला आणि तेथून डॉज व फार्गो मालमोटारी निघू लागल्या. केवळ जोडणी करणाऱ्या परकी कंपन्यांना मात्र हे जमले नाही, वा जमवावयाचे नव्हते. सुटे भाग येथेच बनविण्याचा कार्यक्रम असलेल्यांनीच या धंद्यात राहावे असे धोरण १९५३ साली सरकारने ठरविले. त्यानंतर फोर्ड व जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला आणि १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला. त्याच साली जमशेदपूरहून टाटांची डिझेल मालमोटार बाहेर पडली. धोरण योग्य होते, असेच मी म्हणेन. पण त्याचा अर्थ असा झाला की देशभर विखुरलेल्या जुन्या शेव्हरले व फोर्ड गाड्या एका वर्षात पोरक्या झाल्या.

येथून पुढचा काळ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि पुस्तकाची अर्ध्याहून अधिक पाने मी त्यास दिली आहेत. भाग मिळेनासे झाले तेव्हा लेथवाल्यांनी ते कातले, ओतारींनी ओतले, लोहारांनी ठोकले. पेट्रोलचा खर्च परवडेना तेव्हा मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने बनविलेली पर्किन्स डिझेल इंजिने जुन्या पेट्रोल गाड्यांच्या पुढच्या पेटीत बसविण्यात आली. त्यासाठी बैठका बदलल्या, क्लचचे घर बदलले, कधी कधी नाकाडही लांबविले. एका गाडीचा आस, दुसरीची गिअरपेटी, तिसरीचा स्टिअरिंग, आणि वर चौथ्यांदा बांधलेला हौदा: अशी ती मूर्ती होई.

२०२१ साली केंद्र सरकारने ऐतिहासिक मोटारींच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना त्यांत स्वतंत्र क्रमांक मिळतो. परंतु ही सवलत दुचाकी व खाजगी प्रवासी मोटारींपुरती असून चौकट, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. या नियमाने मालमोटार दोनदा वगळली जाते: एकदा ती माल वाहते म्हणून, आणि दुसऱ्यांदा ती बदलली म्हणून. बंद मोटारखान्यात पडून राहिलेली गाडी मूळ रूपात उरते, यात तिचा पराक्रम तो कोणता? ज्या गाडीने पन्नास हंगाम कापूस ओढला तिचे इंजिन बदललेलेच असणार, तिचा हौदा नवाच असणार, आणि ते बदल कोणी, केव्हा, कशासाठी केले हाच तिचा खरा इतिहास असणार. जुन्या दस्तऐवजावर मागाहून पडलेले शेरे व शिक्के पुसून टाकून कोणी त्याची शुद्ध प्रत करीत नाही. त्या शेऱ्यांवरूनच दस्तऐवज कोणाकोणाच्या ताब्यातून गेला ते कळते. संग्रहालयांनी व शासनाने मालमोटारीकडेही याच दृष्टीने पाहावे आणि फेरफारांसह तिला नोंदीत घ्यावे, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. भंगारवाल्यांच्या आवारांत तोडण्यासाठी उभ्या असलेल्या चौकटी पाहिल्या म्हणजे या कामास फार अवधी उरलेला नाही हे कळते.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे सांगणे उरले. मापे मी बहुतेक ठिकाणी इंच, मैल आणि घन इंच यांतच ठेवली आहेत, कारण मूळ यंत्रे त्याच मापांनी कातली गेली आणि दशमान मापाचा पाना त्यांच्या नटावर बसत नाही. जेथे वऱ्हाडातील मिस्त्रींच्या तोंडचा शब्द मिळाला तेथे तोच योजला आहे. ज्यांच्या घरी जुनी नोंदणीपुस्तके, परवाने किंवा वाहतुकीच्या पावत्या असतील त्यांनी ते कागद रद्दीत न टाकता त्यांच्या नकला तरी करून ठेवाव्यात. कारण इंजिन बदलल्याची नोंद, मालकी पालटल्याची तारीख आणि वजनाची मर्यादा ही माहिती अन्यत्र कोठेही मिळत नाही. पहिले प्रकरण चौकटीपासून सुरू केले आहे. मोटारीच्या इतर सर्व अंगांचा फेरबदल झाला तरी दोन लांब पोलादी तुळया व त्यांना सांधणारे रिव्हेट एवढे बहुधा मूळचेच राहतात, आणि जुनी गाडी तपासू पाहणाऱ्याने प्रथम खाली वाकून तेच पाहावयाचे असते.